विषय: जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळायची की बडोदं?

न्यू जर्सीहून

मंडळी, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बडोद्याला येतोय. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुक्काम दांडिया बाजारातच. चार हाफ (21 किलोमीटर) झाल्या आहेत, फुल (42 किलोमीटर) पहिलीच. वजन 65 किलो, डोक्यात सव्वाचार तास. टाटा मुंबई मॅरेथॉन पळावी की बडोदं, की दोन्ही? आणि इथे शून्याखाली सराव करून तिथल्या हवेत निभेल का?

रावपुऱ्याहून

"दोन्ही" हा शब्द आधी खोडा. मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे 15 ते 21 तारखेच्या आत. बडोद्याचीही त्याच थंडीच्या दिवसांत. मध्ये दोन-तीन आठवडे मिळाले तर पायातली सूज उतरते, पण स्नायू भरून येत नाहीत. एकीकडे फुल घ्या, दुसरीकडे फार तर दहा किलोमीटर.

पहिलीच फुल असेल आणि आकडा गाठायचा असेल तर बडोदं घ्या. ती सुटते ते नवलखी मैदान दांडिया बाजारापासून हाकेच्या अंतरावर. पहाटे पावणेचारला उठलात, घरच्या गॅसवर पोहे केले, घरचंच संडास वापरलं, तरी सुरुवातीच्या रेषेवर वेळेत. मुंबईत हौशी फुल पाचला सुटते. होल्डिंग एरियात (सुटण्याआधी थांबायच्या जागी) साडेचारला उभं राहायचं तर अडीचला उठा, तीनला खा. आदल्या रात्रीची झोप परक्या गादीवर, तीही चार तास मिळाली तर नशीब.

शिवाय बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर. ती शर्यतीच्या आधी एक्स्पोमध्येच (शर्यतीच्या प्रदर्शनात) मिळते, रविवारी पहाटे कोणी देत नाही. गेली काही वर्षं एक्स्पो बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) असतो आणि शर्यत सुटते सीएसएमटीहून. शनिवारी सकाळच्या गाडीने निघालात तर दुपार एक्स्पोच्या रांगेत नि ट्रॅफिकमध्ये, म्हणजे चार-पाच तास पायांवर. फुलच्या आदल्या दिवशी हे परवडत नाही. शुक्रवारी पोचा, बिब त्याच दिवशी घ्या, शनिवारी पाय वर करून पडा. दोन रात्री धराव्या लागतात त्या ह्यासाठी. हॉटेल बीकेसीजवळ नको, फोर्ट-चर्चगेटच्या बाजूला पाहा, पहाटे चालत जाता आलं पाहिजे. (हाफवाल्यांचं गणित निराळं, त्यांची सुरुवात माहीमच्या रेतीबंदराहून आणि शेवट दक्षिण मुंबईत.)

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 नव्हे, 60 दिवस आधी उघडतं. त्यामुळे शर्यतीची नोंदणी कित्येक महिने आधी आणि तिकीट मात्र नोव्हेंबरच्या मध्यावर. तारीख कॅलेंडरात लिहून ठेवा. संक्रांतीच्या आठवड्यात मुंबई-बडोदा-अमदावाद मार्गावर उत्तरायणाला घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची झुंबड असते. 2023 साली तर मुंबई मॅरेथॉन 15 जानेवारीलाच होती, नेमकी वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.

मांजलपूरहून

रावपुऱ्याच्या काकांचं सगळं पटलं, पण मुंबई इतकी झटकून टाकू नका. बडोद्यात तिसाव्या किलोमीटरनंतर ओढून नेणारं कोणी आजूबाजूला नसतं. मुंबईत सगळे गट मिळून 50,000 हून जास्त माणसं पळतात आणि रस्त्याच्या कडेला पहाटेपासून लोक केळी-संत्री घेऊन उभे असतात. ज्याचा कस तिशीनंतर सुटतो त्याला ह्या गर्दीची किंमत कळते. आकडा बाजूला ठेवून पळणार असाल तर मुंबईच.

अट एकच: चढ. नेहमीच्या रूटमध्ये पेडर रोडचा चढ परतीला पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो. रूट बदलतो, त्या वर्षीचा नकाशा बघून घ्या. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम 35-40 मीटर वर, आणि सपाट. चढ शोधायला पावागढ, 50 किलोमीटर लांब. गावात म्हणाल तर गेंडा सर्कल ते मनीषा चौकडीचा साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल. रविवारी सूर्योदयाच्या आत, रहदारीकडे तोंड करून, कडेने, अंगावर चमकती पट्टी लावून. लाँग रनमध्ये (सरावाच्या लांब पल्ल्यात) 24 किलोमीटर झाल्यावर त्याचे रॅम्प सहा वेळा चढा. ताज्या पायांनी चढण्याचा उपयोग नाही, पेडर रोड ताज्या पायांना भेटत नाही. चढावर पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघू नका, श्वास बघा, दर किलोमीटरला 20-25 सेकंद गेले तर जाऊ द्या. उतारावर ते भरून काढायला जाल तर मांड्यांचे पुढचे स्नायू तिथेच संपतील आणि मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर पाय उचलणार नाहीत.

घड्याळाचं एक. प्रमाणित मार्ग मोजताना सायकलने सर्वांत आखूड रेषा धरतात आणि दर किलोमीटरला एक मीटर जास्त ठेवतात, म्हणजे फुलला 42 मीटर. आपण वळणं बाहेरून घेतो, लोकांना ओलांडतो, म्हणून घड्याळात 42.6 तरी दिसतं. सव्वाचार तासांना कागदावर दर किलोमीटर 6:03 मिनिटांचा पेस लागतो, पण घड्याळाच्या हिशेबाने 5:59 धरावा लागेल. चार सेकंद ऐकायला काही नाहीत, बेचाळीस वेळा गेले की शेवटी अडीच-तीन मिनिटं होतात. ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करा आणि किलोमीटरची पाटी दिसली की बटण हाताने दाबा. दक्षिण मुंबईच्या इमारतींमध्ये जीपीएस उड्या मारतो तेव्हा हेच उपयोगी पडतं.

छोट्या, अप्रमाणित शर्यतींबद्दल मात्र सावध. टी-शर्ट, मेडल, नाश्ता सगळं झकास आणि हाफचा मार्ग 20.6 किलोमीटर निघतो. सरावाला चालेल, पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) म्हणून सांगू नका.

न्यू जर्सीहून

मग बडोदं. खाण्याचं आणि हवेचं राहिलंच की.

अलकापुरीहून

दादा, खाण्याचं आधी, कारण तुम्ही घरी उतरणार आणि घरचे सोडणार नाहीत.

आदल्या दोन दिवसांत किलोमागे 8 ते 10 ग्रॅम कर्बोदकं, 65 किलोला दिवसाला 520 ते 650 ग्रॅम. ताटात ते असं दिसतं: 300 ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात (साधारण 235 ग्रॅम), 100 ग्रॅम पोहे (77), चार केळी (100), तीन पोळ्या (50), सरबतात नि शिऱ्यात मिळून 60 ग्रॅम साखर-गूळ. बेरीज 520 च्या आसपास. एवढा भात वरणाबरोबर जात नाही, वरणाने पोट आधी भरतं. मऊ भात, मेतकूट, मीठ, नावाला तूप. साबुदाणा कर्बोदकांना भारी, पण खिचडीतलं दाण्याचं कूट आणि तेल पोटात बसून राहतं.

शर्यत संक्रांतीला लागून असेल तर उंधियूला हात लावू नका. पापडी, कंद, मेथीचे मुठिये, त्यावर तेलाचा तवंग. चोथाही आणि वायूही, पुढचे दोन-तीन दिवस. जलेबी एक वेळ चालेल. तिळाची चिक्कीही नको. सेव-उसळ मेडल गळ्यात पडल्यावर.

पळताना तासाला 45 ग्रॅम कर्बोदकं धरली तर सव्वाचार तासांना 190. एका जेलमध्ये (पळताना खायच्या साखरेच्या पुडीत) 22 ते 25 ग्रॅम असतात, म्हणून आठ जेल बरोबर ठेवा, पहिलं चाळिसाव्या मिनिटाला, पुढे दर अर्ध्या तासाने. जेल पाण्याबरोबरच, एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलंत तर साखर पोटात घट्ट होते आणि बाविसाव्या किलोमीटरला मळमळ. तुमच्या हाताखालचा ब्रँड तिकडूनच आणा, नवा ब्रँड शर्यतीत पहिल्यांदा फोडू नये.

आता हवा. जानेवारीत बडोद्याची पहाट 12-14 अंशांची, कोरडी. मुंबईची 17-19 आणि दमट, घाम निथळतो पण वाळत नाही, म्हणून अंग तापतं. बडोदं घेतलंत हे इथेही बरं. पण पाचला सुटून सव्वानऊला पोचायचं, तेव्हा शेवटचे आठ-दहा किलोमीटर उन्हातच. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, आणि रोज पहाटे साडेपाचला पळून ती होत नाही. जानेवारीत तीन-चार धावा मुद्दाम नऊला सुरू करा, 60 ते 90 मिनिटं, निवांत पेसने. आधी-नंतर वजन करा. एक किलोपेक्षा जास्त उतरलं तर पाणी कमी पडतंय, वाढलं तर गरजेपेक्षा जास्त पिताय, आणि ते जास्त धोक्याचं.

जेट लॅगची धास्ती नको. इथले पहाटेचे पाच म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसहा. साडेदहा तासांचा फरक पचायला दहाएक दिवस धरा. पहिल्या चार दिवसांत 8 किलोमीटरच्या वर जाऊ नका, तेव्हा झोप तुटकी असते आणि पिंढऱ्या लवकर धरतात. शेवटची 30-32 ची लाँग रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

आणि मांजा. 14-15 जानेवारीला रस्त्यावर पळू नका. पळायचंच तर सातच्या आत, मोकळ्या मैदानावर. मानेला बफ (नळीसारखा कापडी पट्टा) गुंडाळा. खरी गंमत 16 पासून, तुटलेल्या दोऱ्याचे पुंजके रस्ताभर, अंधारात बुटात अडकतात आणि घोट्याला फास बसतो. ओढून तोडायला जाऊ नका, काचेचा मांजा बोटं कापतो, थांबा, बूट काढा. सुरुवातीला स्कूटरवरून येणार असाल तर हँडलवर तारेची कमान बसवून घ्या, उत्तरायणाच्या सुमारास चौकाचौकात मिळते.

कामाठीबागेतली पहाट सोडू नका, पण तिथे झाडांवरून लोंबणारा दोरा महिनाअखेरपर्यंत असतो. डोक्यावर टॉर्च लावा.

रावपुऱ्याहून

एक राहिलं. नोंदणीत टी-शर्टचा साइज आपल्याकडचा भरा, अमेरिकेचा नाही. तिकडचा एम इथे एल निघतो.