जुना डंपर: रिकामा हौदा उचलतो, भरलेला अर्ध्यात अडकतो

चाकजोड: १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पॉवर पॅक (मोटर, पंप आणि ऑइलची टाकी एकत्र), सिंगल ॲक्टिंग जॅक (ऑइलच्या जोराने फक्त वर जातो, खाली वजनाने येतो). रिकामा हौदा सरसर वर जातो. माल भरला की फूटभर उचलतो, मोटर कण्हते आणि तिथेच थांबते. बॅटरी नवी आहे, मीटरवर १२.६ दिसतात. ऑइलही आहे. पंप गेला समजायचा का?

हातोडापाना: पंप एवढ्यात खोलू नका, आधी मोटरचा आवाज ऐका. मोटर जोरात फिरते पण हौदा हलत नाही, असं असेल तर दोष ऑइलच्या बाजूला: जाळी तुंबलेली, खाली सोडायचा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिलेला, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की ऑइल टाकीत परत सोडणारा) लवकर सुटतोय किंवा पंप झिजलाय. तुमची मोटर दमतेय, म्हणजे बहुधा तिला करंटच पुरत नाही.

१२.६ हा भार नसतानाचा बॅटरीचा आकडा, त्यावर जाऊ नका. लोडवर ही मोटर २०० अँपिअरच्या आसपास ओढते. हौदा भरलेला असताना एकाला बटण ३-४ सेकंद दाबायला सांगा आणि तेवढ्यात डीसी व्होल्ट मोजा. आधी बॅटरीवर. मग बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या जाड स्टडपर्यंत (केबल बसते तो बोल्ट), अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग मायनसपासून मोटरच्या उघड्या धातूपर्यंत, ०.३ च्या आत. मीटरचा प्रोब लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर) नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. नाहीतर खुंटी-लगचा सांधाच मोजणीतून सुटतो. हात हौद्याखाली जाणार असेल तर आधी टेकू लावा. जॅकवर भरवसा ठेवू नका.

चाकजोड: बॅटरीवर ११.४. प्लस बाजूला ०.९, मायनस बाजूला १.६.

हातोडापाना: मग मोटरला ८.९ च पोचतात, कण्हणारच. बॅटरी ठीक आहे. मायनसची जोडणी (अर्थिंग) चेसिसमधून घेतलेली दिसते, गंज आणि रंगाच्या थरातून २०० अँपिअर नीट जात नाहीत. मोटरच्या बॉडीपासून थेट बॅटरी मायनसला निदान ३५ चौरस मिमीची केबल ओढा, अंतर जास्त असेल तर ५० ची. लग नुसते पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलने दाबा.

तारजोड: प्लसच्या ०.९ साठी सोलेनॉइडच्या (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) दोन जाड स्टडवर, बटण दाबलेलं असताना, मोजा. ०.२ च्या वर असेल तर आतली तांब्याची चकती जळलीय. 'टक' आवाज येतो म्हणून सोलेनॉइड चांगला, असं नसतं. बदलताना सेल्फ स्टार्टरचा बसवू नका. तो काही सेकंदांसाठी असतो, इथे हौदा वर जाईपर्यंत दाबून धरावा लागतो. कंटिन्युअस ड्यूटीचा घ्या.

ऑइलची पातळी हौदा पूर्ण खाली असताना पाहिलीत ना? वर असताना टाकी भरली तर उतरताना सगळं ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या तोंडातून) बाहेर येतं.

हातोडापाना: आणि रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू प्रेशर गेज लावल्याशिवाय आवळू नका. त्याने मोटरवरचा भार वाढतो आणि होज फुटते. केबल बदलूनही मोटर दमली तर मोटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) काढून बघा.