अनुभव धागा : बातमीदारांचे चित्रपट आणि अर्धवट राहिलेले समाधान

पेपरवाला, शिवाजी पेठ
रविवारी पावसाची झड थांबेना, म्हणून २००९ सालचा ‘स्टेट ऑफ प्ले’ पुन्हा पाहिला. खासगी लष्करी कंपनीच्या कंत्राटांची चौकशी करणारा लोकप्रतिनिधी, त्याच्या कार्यालयातील तरुणीचा मृत्यू आणि त्याचाच जुना मित्र असलेला बातमीदार, अशी दमदार मांडणी केल्यावर शेवटी सारे प्रकरण त्या एका माणसाच्या भानगडीवर आणून सोडले आहे. कंपनी अलगद बाजूला राहते. (शेवट फोडला, क्षमस्व.) तरीही श्रेयनामावली लागल्यावर मी उठलो नाही, कारण तिच्यामागे बातमी छापखान्यात जाताना, यंत्र फिरताना आणि अंक बाहेर पडताना दिसतात. शाळेत असताना मी बिंदू चौकातून पेपर उचलून पेठेत टाकत असे. पहाटे गठ्ठ्याची सुतळी तोडली की मधले अंक हाताला कोमट लागत आणि अंगठा दिवसभर काळा राही. तुम्हाला असा कोणता चित्रपट अर्ध्यावर सोडून गेला?

जुना उपसंपादक
माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रपटांत बातमी छापून येतेच. आमच्याकडे उसाच्या काटामारीची, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवण्याची, बातमी आली होती. शेतकऱ्याने एकच ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर आणि मग कारखान्याच्या काट्यावर तोलली होती व दोन्ही पावत्या माझ्या टेबलावर होत्या. पहिल्या पानावर तीन कॉलम लावली, मथळाही दिला. पान सोडायच्या आधी अर्धा तास संपादकांना फोन आला आणि बातमी सातव्या पानावर चार ओळींत गेली, कारखान्याच्या नावाशिवाय. यात खून नाही, पाठलाग नाही, त्यामुळे यावर कोणी चित्रपट काढणार नाही.

रंकाळ्याची ताई
कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत लिहिते. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) मी वडिलांबरोबर पाहिला. वडील गेले होते ते पडद्यावर मुख्यमंत्री झालेल्या आपल्या कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांसाठी. शेवटी बातमीदार दिगू टिपणीस झालेले निळू फुले रस्त्यावर वेड्यासारखे हसू लागले, तेव्हा वडील चिडून म्हणाले, “एवढं सगळं ठाऊक असून ह्यो गडी नुसता हसतोय व्हय?” मला मात्र तोच शेवट पटला. शिट्टी झाली.

चित्रवेडा
पेपरवाला, ‘स्टेट ऑफ प्ले’ची मूळ मालिका पाहा. बीबीसीची २००३ ची, सहा भागांची. तिथे गुंतागुंतीला श्वास घ्यायला जागा आहे. दोन तासांत कोंबल्यावर कुणाचा तरी बळी जाणारच, तो कंपनीच्या चौकशीचा गेला.

पेपरवाला, शिवाजी पेठ
पाहतो. पण वेळ कमी पडला म्हणून कंपनी सुटली, हे मला पटत नाही. एका माणसाला दोषी ठरवले की प्रेक्षक निवांत घरी जातो. कंत्राटांची साखळी दाखवली तर तो चहा पिताना प्रश्न विचारील.

मिरजकर तिकटी
‘न्यू दिल्ली टाइम्स’ (१९८६) कोणीच कसा आठवला नाही? शशी कपूर यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संपादकाला शेवटी कळते की आपण उघड केलेल्या प्रकरणाचा राजकारण्यांनीच प्यादे म्हणून वापर केला. चित्रपट मध्ये रेंगाळतो, हे मान्य. पण बातमी छापून आली म्हणजे जिंकलो, हा भ्रम तो ठेवत नाही. अवांतर : पेपर टाकायचे तेव्हा महिन्याला किती मिळायचे हो?

पेपरवाला, शिवाजी पेठ
सायकलची ट्यूब आणि शनिवारी एक मिसळ, एवढे भागायचे. आबा, त्या चार ओळींचे कात्रण ठेवले आहे का?

जुना उपसंपादक
कात्रण नाही, अख्खा अंक ठेवला आहे, कारण त्याच्या शेवटच्या पानावर त्याच कारखान्याची गळीत हंगाम शुभारंभाची पानभर रंगीत जाहिरात आहे. त्या शेतकऱ्याला मी अंक पोस्टाने पाठवला होता. त्याने दोन्ही पावत्या परत मागवल्या, बातमीबद्दल एक शब्दही लिहिला नाही.