मदत हवी आहे : 'बोऱ्या' बंदराच्या पावत्यांचा हॅश ब्राउझर आणि सर्व्हरवर जुळत नाही

नमस्कार. गुहागर तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेची मासळी उतरवल्याच्या पावत्यांची प्रणाली मी सांभाळतो. जेटीवर रेंजचा भरवसा नसल्याने लिपिक फोनच्या ब्राउझरमध्येच पावती तयार करतो. नौकेचे नाव, बंदर, मासळी आणि वजन एकत्र करून काढलेला एसएचए-२५६ हॅश (मजकुराच्या बाइटवरून काढलेला, ठशासारखा सांकेतांक) पावतीवर छापला जातो आणि रेंज आल्यावर नौका, बंदर व मासळीचे सांकेतिक क्रमांक, वजन आणि हॅश एवढेच सर्व्हरकडे जाते. सर्व्हर त्या क्रमांकांवरून आपल्या यादीतील नावे घेतो, हॅश पुन्हा काढतो आणि तो जुळला तरच पावती मंजूर करतो. न जुळलेली पावती अडकली की तांडेलाचे (नौकेच्या प्रमुखाचे) पैसेही अडकतात, म्हणून हे मला लवकर मार्गी लावायचे आहे.

पहिला दोष सापडला आहे. सर्व्हरचा कोड जावा ८ मध्ये असून तो विंडोजवर चालतो, आणि त्यात 'गेटबाइट्स'ला (मजकुराचे बाइट काढणाऱ्या आज्ञेला) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, सांगितलेले नव्हते, त्यामुळे यंत्राचे डीफॉल्ट, म्हणजे विंडोज-१२५२, वापरले जात होते. त्यात देवनागरी नसल्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्हाचा बाइट जात होता. ब्राउझरमध्ये हेच काम करणारा 'टेक्स्टएन्कोडर' मात्र नेहमी यूटीएफ-८ या एन्कोडिंगचे बाइट देतो. चाचणीतील नावे रोमन लिपीत होती आणि तेवढ्यापुरते दोन्ही एन्कोडिंगचे बाइट सारखेच असतात, म्हणून तेव्हा काहीच उघडकीस आले नाही. खात्रीसाठी सर्व्हरवर 'दापोली' आणि 'गुहागर' यांचे हॅश काढून पाहिले, तर ६४ च्या ६४ अंक तंतोतंत सारखे आले, कारण दोन्ही शब्दांत (काना-मात्रा वेगळ्या मोजून) सहा-सहा युनिकोड चिन्हे आहेत आणि दोन्हींची सहा प्रश्नचिन्हे झाली होती. हॅश न जुळण्यापेक्षा हे मला अधिक गंभीर वाटते. आता कोडमध्ये यूटीएफ-८ स्पष्ट लिहिले आहे. (२०२२ मधील जावा १८ पासून तेच डीफॉल्ट आहे, तरीही ते लिहूनच ठेवावे असे माझे मत आहे.)

दुसरा दोष मात्र शिल्लक आहे. बाकी सर्व बंदरांच्या पावत्या जुळतात. 'बोऱ्या' बंदराच्या आणि नावात 'वाऱ्या' किंवा 'किनाऱ्या' असलेल्या नौकांच्या जुळत नाहीत. बाइट छापून पाहिल्यावर कारण समजले. सर्व्हरच्या यादीत 'ऱ' हे यू+०९३१ असे एकच चिन्ह आहे, त्यामुळे 'बोऱ्या'चे १८ बाइट होतात. फोनवरील यादी वेगळ्या व्यक्तींनी टंकलेली असून तिच्यात काही ठिकाणी 'र' आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब), तर काही ठिकाणी 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह) अशी रचना आहे. या दोन्हींचे २१ बाइट होतात. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात.

दोन्हीकडे एनएफसी (एकाच अक्षराची समतुल्य रूपे एकसारखी करणारा युनिकोडचा नियम) लावल्यावर नुक्त्याचे रूप एकचिन्ही झाले, परंतु जोडकाचे रूप जसेच्या तसे राहिले. जोडक सरसकट काढून टाकावा, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि नौकांच्या नावांत दर्या जागोजागी असल्याने ते मला मुळीच चालणार नाही. जोडकाचे रूप सुरक्षितपणे एकचिन्ही कसे करावे? आणि ज्या पावत्या तांडेलांच्या हातात आधीच छापून गेल्या आहेत, त्यांची पडताळणी कशी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपले निदान बरोबर आहे. जोडकाचे रूप युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून मान्य ठेवलेले आहे, पण 'ऱ' वापरून केलेल्या रूपाशी त्याची अधिकृत समतुल्यता नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हात लावणार नाही. आधी 'र, हलन्त, जोडक' ही नेमकी तीन चिन्हांची जोडणी सापडेल तिथे 'ऱ, हलन्त' ठेवा, मग एनएफसी लावा आणि त्यानंतरच यूटीएफ-८ बाइट काढा. साध्या 'र्य'मध्ये जोडक नसल्याने 'दर्या' सुरक्षित राहतो. हाच क्रम फोनवर आणि सर्व्हरवर असायला हवा, आणि पावतीवर नियमाचा आवृत्ती क्रमांक छापावा.

छापलेल्या पावत्यांचे हॅश बदलू नका. ज्या पावतीवर आवृत्ती क्रमांक नाही, तिच्यासाठी सर्व्हरने नावातील प्रत्येक 'ऱ्य' तिन्ही रूपांत लिहून हॅश काढावेत आणि त्यांपैकी एक जुळला तर पावती मंजूर करावी. नौका आणि बंदर दोन्हींत 'ऱ्य' आला तरी नऊच पर्याय होतात. यापुढे मात्र हॅशमध्ये नावे न घेता सांकेतिक क्रमांकच घ्यावेत असे मी आग्रहाने सुचवेन, कारण नौकेचे नाव यादीत दुरुस्त झाले की तिच्या सगळ्या जुन्या पावत्या पुन्हा न जुळणाऱ्या ठरतील.