शाळेत पेट्रोलसारखा वास, अ‍ॅपवर मात्र हवा 'समाधानकारक'. तक्रार नेमकी कशाची करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही मुंबईत चेंबूरला, माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या बाजूला राहतो. लेक चौथीत आहे, मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, सकाळचं सत्र. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती रोज घरी आली की सांगायला लागली, "आई, आज परत तो वास आला." पंपावर गाडीत पेट्रोल भरताना येतो ना, तसा. पहिल्या दोन तासांना जास्त, मधल्या सुट्टीपर्यंत विरतो. बाई खिडक्या लावून घेतात, मग ५० मुलांच्या वर्गात जीव घुसमटतो, म्हणून परत उघडतात. पालकसभेला सकाळी साडेसातला गेले तेव्हा मी हे स्वतः पाहिलं. शेजारच्या वर्गातल्या मुली एका हाताने नाकाला रुमाल धरून दुसऱ्या हाताने फळ्यावरचं उतरवून घेत होत्या. कोणी तक्रारही करत नव्हतं, इतकी सवय झालीय. माझं डोकं २० मिनिटांत जड झालं.

तेव्हापासून कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी वासाच्या दिवशी फुली मारते. डिसेंबर-जानेवारी मिळून २३ फुल्या झाल्या. त्यातल्या ९ दिवशी रात्री तिला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी श्वासातून औषध घ्यायचा पंप दिलाय, पण वासामुळेच होतंय असं कागदावर लिहून द्यायला ते तयार नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, वास बाहेरून येतो, आम्ही काय करणार?

हवेचा निर्देशांक दाखवणाऱ्या 'समीर' या सरकारी अ‍ॅपवर फुलीच्या दिवशीही हवा 'समाधानकारक' किंवा 'मध्यम' दिसते. शोधल्यावर कळलं की तो निर्देशांक धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड अशा ८ घटकांवरून काढतात. त्यात पेट्रोलच्या वाफेतलं बेंझीन नाहीच! टोल्युईनही नाही. म्हणजे मुलांना ज्याचा त्रास होतो ते त्या आकड्यात येतच नाही, आणि आम्हाला तोच आकडा दाखवून गप्प करतात. २०१५ मध्ये पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाड्यातल्या लोकांच्या आरोग्याला इथल्या हवेचा धोका असल्याचं म्हटलं होतं, २०२० मध्ये इथल्या ४ कंपन्यांवर मिळून २८६ कोटींची भरपाईही लावली. मग शाळेच्या आवारात हवा मोजून घ्यायला आम्ही कोणाकडे जायचं? अर्जात काय मागायचं?

आणखी एक अडचण. यांची नोकरी इथल्याच एका कारखान्यात कंत्राटी आहे. माझ्या एकटीच्या नावाने अर्ज द्यायची भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

– चौथीची आई

प्रतिसाद: जुना_लॅबवाला

ताई, फुल्यांपुढे वेळही लिहायला लागा, ते फार कामाचं आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खाली सुटलेली वाफ खालीच साचते. ऊन चढून समुद्रावरचा वारा सुटला की पांगते. म्हणून दुपारी १२ ला येऊन नमुना घेतला तर काही सापडणार नाही. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला करा आणि त्यात स्पष्ट लिहा: बेंझीन, टोल्युईन, झायलीन मोजा, शाळेच्या आवारात मोजा, सकाळी ७ ते ९ मध्ये मोजा. नुसतं 'प्रदूषण होते' लिहिलंत तर धूळ मोजून जातील. बेंझीनची आपल्याकडची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, तीही अर्जात घाला. सोबत माहितीच्या अधिकारात हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्रावरच्या बेंझीनच्या तासातासाच्या नोंदी मागा, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

शाळेने मास्क वाटून विषय मिटवला तर ऐकू नका. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही.

आणि एकटीने सही करू नका. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीचा ठराव करून शाळेच्या नावाने अर्ज पाठवा.

चौथीची आई:

दादा, मनापासून आभार. समितीतल्या दोघीजणी माझ्या ओळखीच्या निघाल्या, एकीच्या मुलालाही पंप आहे. आता वेळ लिहायला लागले: आज ७.२० ते ८.४५. सोमवारी सभा आहे. ठरावाचा मसुदा कोणाकडे असेल तर रविवारपर्यंत इथे टाकाल का?