रास्पबेरी पायवर विमानांचे संकेत : पुण्यातून पश्चिमेकडची विमाने लवकर का नाहीशी होतात?

कोथरूडची_खिडकी
नमस्कार. घरात पडून असलेल्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकाला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला जोडायचा रेडिओ ग्राहक) जोडून गेले तीन आठवडे त्यावर डम्प१०९० ही संकेत उलगडणारी आज्ञावली चालवीत आहे. विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपले स्थान, उंची आणि वेग स्वतःहून सांगत असतात, ते पकडून नकाशावर पाहण्याचा हा खटाटोप. अँटेना डोंगलसोबत आलेली चुंबकी बुडाचीच आहे आणि ती दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खिडकीत, लोखंडी ग्रिलला चिकटवली आहे. मात्र ६०-७० किलोमीटरपलीकडचे क्वचितच काही दिसते, मुंबईत उतरणारी विमाने तर अर्ध्या वाटेतच नाहीशी होतात. शिवाय ऐकू आलेल्या विमानांच्या तक्त्यात २५ विमाने असली तर नकाशावर जेमतेम १४ उमटतात, हे कोडेही सुटलेले नाही. फिल्टरसह प्रवर्धक (क्षीण संकेत मोठा करणारे उपकरण) विकत घेण्याचा विचार आहे. त्याने फरक पडेल का?

गच्चीवरचा_कान
प्रवर्धक तूर्त घेऊ नका. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे मधली इमारत किंवा डोंगर जे अडवतो ते कोणताही प्रवर्धक परत आणू शकत नाही. सपाट प्रदेशात विमानाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की जमिनीलगतच्या अँटेनासाठी क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १०,००० मीटरवरचे विमान अशा हिशोबाने सुमारे ४०० किलोमीटरवरून ऐकू यायला हवे, पण ९०० मीटरवर उतरत आलेले विमान १२४ किलोमीटरपर्यंतच. पुणे-मुंबई अंतर सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर, म्हणजे मुळातच काठावरचा मामला, आणि मध्ये सह्याद्री उभा! तेव्हा मुंबईच्या धावपट्टीजवळची विमाने कोथरूडमधून दिसण्याची आशा सोडून द्यावी. वरून जाणारी विमाने मात्र दिसायलाच हवीत, ती दिसत नाहीत याचा दोष खिडकीकडे आणि त्या ग्रिलकडे जातो.

अँटेना गच्चीवर न्या. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७.५ सेंटिमीटर आहे, म्हणून उभी काडी तिच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे ६.९ सेंटिमीटर ठेवा आणि चुंबकी बूड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर बसवा. झाकण काडीखालच्या जमिनीचे (ग्राउंड प्लेनचे) काम करते. हा प्रयोग फुकटात होतो, म्हणून तो आधी.

डेसिबल_मोजणारा
वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त एक पुरवणी. गच्चीवरून खोलीपर्यंत १५ मीटर बारीक केबल ओढली, तर उंचीने मिळवलेले बरेचसे केबलमध्येच गमावाल. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी चालते, पण त्याहून उत्तम म्हणजे पाय आणि डोंगल दोन्ही गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या सावलीत, बंद डब्यात ठेवून खाली फक्त नेटवर्कची केबल आणणे.

तक्त्यातील फरकाबद्दल : विमान आपले स्थान 'सम' आणि 'विषम' अशा दोन प्रकारच्या संदेशांतून आळीपाळीने पाठवते, आणि सुरुवातीला स्थान ठरवण्यासाठी हे दोन्ही थोड्या सेकंदांच्या आत हाती लागावे लागतात. संकेत क्षीण असला की एक येतो, दुसरा हुकतो. काही विमाने तर रडारने विचारल्यावर केवळ मोड-एसची उत्तरे देतात, स्थान सांगतच नाहीत, ती नकाशावर कधीच येणार नाहीत. जवळ मोबाईलचा मनोरा असेल तर ९०० मेगाहर्ट्झच्या जोरदार लहरींनी डोंगल बधिर होतो. अशा वेळी गेन (डोंगल संकेत किती मोठा करतो ते प्रमाण) वाढवायचा नसतो, कमी करून पाहायचा असतो. फिल्टरचा विचार त्यानंतर.

पावसाळी_पाय
पायला मोबाईलचा जुना चार्जर लावलेला नाही ना? ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर नसेल तर विजेचा दाब घसरतो, डोंगलचा संपर्क अधूनमधून तुटतो आणि आपण अँटेनाला दोष देत बसतो. गच्चीवर काही नेणार असाल तर वळवाच्या गडगडाटाआधी केबल काढून ठेवण्याची सवयही लावून घ्या.

कोथरूडची_खिडकी
सर्वांचे आभार. रविवारी झाकण आणि काडी घेऊन गच्चीवर गेलो. आरजी-६ च्या १२ मीटर केबलवरही पूर्वेकडे सोलापूरच्या आसपासची विमाने दिसू लागली आणि तक्त्यातील २९ पैकी २४ नकाशावर आली. मुंबईकडची विमाने अजूनही १० हजार फुटांच्या आसपास नाहीशी होतात, त्याचे कारण आता कळले. चार्जर खरोखरच जुन्या मोबाईलचा निघाला, तो बदलला. प्रवर्धकाचे पैसे तूर्त वाचले आहेत. पाय गच्चीवर नेण्यासाठी जलरोधक डबा कोणता घ्यावा, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात तो आतून किती तापेल, याचा कोणाला अनुभव असल्यास कळवावे.