फिल्म फोटोग्राफी मुलांना शिकवायची आहे, जुना कॅमेरा कोणता घ्यावा? (पुणे, बजेट १५,०००)

आठवी_ब_च्या_बाई
नमस्कार मंडळी. मी सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आठवीच्या मुलांना फिल्मवर फोटो काढायला आणि ते स्वतः डेव्हलप करायला शिकवायचंय. प्रकाशाचा धडा आणि चांदीच्या क्षारांचं रसायन एकाच वेळी त्यांच्या हाताखालून जाईल, ही कल्पना मला फार आवडलीय. मुलं २०. बजेट सगळं मिळून १५,०००, रोल आणि रसायनं त्यातच. शाळेत प्रयोगशाळा आहे, नळ आहे, खिडक्यांना काळा कागद लावता येईल. कॅमेरा कोणता, कुठून घ्यायचा, आणि डेव्हलपिंग शाळेत जमेल का?

एफएम२_प्रेमी
निकॉन एफएम२ घ्या, डोळे मिटून. १९८२ साली आलेला, शटर पूर्ण यांत्रिक, १/४००० सेकंदापर्यंत. बॅटरी फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला. माझा सिंहगडावर पावसात भिजलाय, गाडीवरून पडलाय, आजही खणखणीत आहे. ५० मिमी लेन्ससकट तीस-पस्तीस हजारांत चांगला मिळेल. स्वस्तातला घेऊन दुरुस्तीत पैसे घालवण्यापेक्षा हे बरं.

कोथरूडकर
यांत्रिक कॅमेऱ्याला +१, पण बाईंनी बजेट लिहिलंय ते वाचा की. पेंटॅक्स के१००० घ्या. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत होता, जगभरच्या विद्यार्थ्यांचा हात त्यावर बसलाय. मीटरला एक एलआर४४ बटन सेल लागतो, तो घड्याळवाल्याकडे मिळतो. घेताना मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून बघा. चिकट लागला तर आत प्रकाश शिरणार. बदलायला फार खर्च नाही, पण किंमत पाडून मागा.

जुना_बाजार_रसिक
जुन्या बाजारात जा, बुधवारी किंवा रविवारी, सकाळी लवकर. मला तिथेच याशिका इलेक्ट्रो ३५ मिळाला. लेन्सवर एक डाग नाही. दुकानात दुप्पट मोजावे लागले असते.

कोथरूडकर
इलेक्ट्रो ३५ शिकवायला नको. त्यात अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते) आपण ठरवायचं आणि शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) कॅमेरा ठरवणार, मग मुलं शिकणार काय? शिवाय तो ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला आहे. ती आता बनत नाही, अडॅप्टर लागतो.

जुना_बाजार_रसिक
अडॅप्टर लावून उत्तम चालतो. न वापरता नावं ठेवू नयेत.

पाषाणची_पाखरं
कुठलाही घ्या, लेन्स आधी बघा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने 'अगदी नव्यासारखी' म्हणून विकलेल्या लेन्सच्या आत बुरशीचं जाळं निघालं. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. लेन्समागे मोबाइलचा टॉर्च धरून तिरकं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

मोबाइल_बास_आहे
स्पष्ट लिहितो. एका रोलला हजाराच्या आसपास पडतात आणि त्यात ३६ चित्रं. २० मुलांत वाटली तर एकाला दोनसुद्धा नाहीत. दोन चित्रांत कोण काय शिकणार? मोबाइलवर मॅन्युअल मोड शिकवा.

एफएम२_प्रेमी
मोजकी चित्रं आहेत म्हणूनच विचार करून काढली जातात. हे मोबाइलवर शिकवता येत नाही.

काळी_पिशवी
डेव्हलपिंगचं कुणीच सांगत नाहीये. बाई, शाळेत नक्की जमेल. फिल्म काळ्या पिशवीत हात घालून टाकीच्या रिळावर चढवायची, झाकण लागलं की पुढचं सगळं उजेडात. पॅटरसनच्या टाकीत ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रावण लागतं. डी-७६ हा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, प्रयोगशाळेतसुद्धा बनवता येतो: एक लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून मुलांना हातमोजे द्याच.

खरी अडचण तापमानाची. इल्फर्ड एचपी५ प्लस या फिल्मला डी-७६ मध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. २४ अंशांना तेच काम सव्वापाच मिनिटांच्या आसपास होतं. पाच मिनिटांच्या खाली गेलात की फिल्मवर डेव्हलपिंग एकसारखं न होण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात पुण्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं येतं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्या लागतात. दिवाळीत बरं असतं, तरी थर्मामीटर हवाच. धुवायचं पाणीसुद्धा त्याच तापमानाच्या जवळ ठेवा.

वापरलेला फिक्सर (डेव्हलपरनंतर उरलेले चांदीचे क्षार काढून चित्र पक्कं करणारं द्रावण) मोरीत ओतू नका, त्यात चांदी विरघळलेली असते. साध्या लोखंडाच्या तारेचा घोसा, स्टेनलेस नव्हे, त्यात टाकून ठेवला की लोखंड विरघळतं आणि चांदी खाली बसते. विस्थापनाचा धडा आयताच होईल.

मंडईकर
एवढं कशाला? लाल दिवा लावायचा आणि मुलांसमोर ट्रेमध्ये फिल्म डेव्हलप करायची. सिनेमात दाखवतात तसं.

काळी_पिशवी
नका करू. हल्लीच्या नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मला लाल प्रकाशही दिसतो, पूर्ण रोल काळा होईल. लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी. त्या कागदाला निळा-हिरवा प्रकाशच कळतो.

मंडईकर
आमच्या मामांचा स्टुडिओ होता, तिथे लाल दिवाच असायचा.

काळी_पिशवी
असणारच. तिथे ते प्रिंट काढत असणार.

पाषाणची_पाखरं
वर आलंच आहे, तरी पुन्हा: थर्मामीटर घ्या.

आठवी_ब_च्या_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ३६ चित्रं आणि २० मुलं हा हिशोब काही मनातून जाईना. मंडईकर आणि काळी_पिशवी यांचा लाल दिव्याचा वाद वाचला आणि ठरलं. मी कॅमेरा घेत नाहीये. प्रत्येक मूल दुधाच्या भुकटीच्या डब्याचा पिनहोल कॅमेरा करेल आणि आत फिल्मऐवजी प्रिंटचा कागद लावेल. टाकी बंद असते, आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर चित्र उमटतं ते मला मुलांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्यायचंय.

कोथरूडकर
निराश झालो. शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, फोकस, यातलं काहीच शिकवता येणार नाही.

काळी_पिशवी
मीही टाकीचंच सांगत होतो, पण आता ठरलंच आहे तर आकडे देतो. छिद्र ०.४ मिमी आणि कागद ८० मिमीवर, म्हणजे ८० भागिले ०.४, एफ/२००. कागदाचा आयएसओ (उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) ६ धरा. लख्ख उन्हात एफ/१६ ला १/६ सेकंद, वेळ एफ-आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एफ/२०० ला साधारण २६ सेकंद. कोथरूडकर, अ‍ॅपर्चर आणि वेळ दोन्ही यात आलं, मुलांनी हेच गणित वहीत करावं. छिद्र डब्याच्या पत्र्याला पाडू नका. थंड पेयाच्या कॅनचा तुकडा घ्या, बारीक सुईने टोचा, मागचा उंचवटा पॉलिश पेपरने घासा आणि तो तुकडा डब्याला आतून चिकटवा. डबा आतून मॅट काळा करा. झडप म्हणून काळी इन्सुलेशन टेप. प्लास्टिकच्या थरवाल्या आरसी कागदाला डेव्हलपरमध्ये मिनिटभर पुरतं. त्यावर उजेडाच्या जागा काळ्या येतात. तो निगेटिव्ह कोऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून काचेखाली दाबा, क्षणभर दिवा लावा, पॉझिटिव्ह तयार.

मंडईकर
बोहरी आळीत झाकणाचे डबे मिळतात. झाकण घट्ट बसतं का ते बघून घ्या. मामांचे तीन ट्रे आणि चिमटे माळ्यावर आहेत, हवे असतील तर निरोप करा.

एफएम२_प्रेमी
तरीही एक तरी खरा कॅमेरा शाळेत असावा. बजेट उरेल ना?

आठवी_ब_च्या_बाई
ट्रे आणि चिमटे नक्की हवेत मंडईकर, निरोप करते. उरलेल्या पैशात कागदाचं दुसरं पाकीट घेणार आहे. पहिलं मुलांना मनसोक्त वाया घालवू द्यायचंय.

जुना_बाजार_रसिक
अवांतर: इलेक्ट्रो ३५ चा अडॅप्टर कुणाला हवा असेल तर माझ्याकडे एक जास्तीचा आहे.