मदत हवी आहे: सासऱ्यांशी थेट बोलणारे ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), ठाणे-ऐरोली
सासरे ७६ वर्षांचे, नौपाड्यात राहतात. दोन्ही कानांना हाय फ्रिक्वेन्सी लॉस आहे, म्हणजे उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. आवाज येतो, पण स, श, फ निसटतात. कानामागची डिजिटल मशीन घरात ठीक चालतात. तलावपाळीला मित्रांत बसले की मात्र गाड्यांच्या आवाजाला वैतागून काढतात आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात. आणि ती बैठक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मळ काढून झाला, सेटिंगही बदलून घेतलं. पण क्लिनिकमध्ये सगळे प्रश्न मलाच विचारतात, त्यांना कोणी विचारतच नाही! नवीन मशीन घ्यायचं नाहीये. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची सरकारी संस्था माहीत आहे, पण गुडघ्यांमुळे लोकल झेपत नाही. ठाणे-ऐरोलीत रिअल इअर मेजरमेंट (मशीन लावलेलं असताना कानाच्या आत आवाज किती पोचतो याचं मोजमाप) करून, गोंगाटासाठीचा प्रोग्रॅम त्यांनाच विचारून बसवणारे कोणी आहेत का?